दोन लाल-पिवळ्या, दोन पांढऱ्या

ता. ४ मार्च

चि. चिमणीस आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

क्षयाच्या गोळ्यांनी मला माणसात आणलं. ताप गेला, खोकला पळाला. दुपारी खिडकीशी बसून शाळेतल्या कविता म्हणतो. कडवं संपेपर्यंत श्वास पुरतो. तुझी आक्काआजी माझी सख्खी बहीण असून म्हणते, दादाचा खोकलाच बरा होता, निदान कविता तरी थांबायच्या.

तू प्रयोगशाळेत जंतू वाढवतेस आणि उत्क्रांती बघतेस म्हणे. नात माकडं सोडून जंतूंच्या नादी कशी लागली, असं आक्का विचारते. सोप्या मराठीत समजाव. तीही अलीकडे जरा खोकते, पण आम्ही तजवीज केली आहे.

लोभाला खंड पडू देऊ नकोस.
तुझे आजोबा

ता. १२ मार्च

ती. आजोबांस चिमणीचा वाकून नमस्कार, वि. वि.

आक्काआजीला सांगा, माकडांच्या पिढ्या मोजायला माझं आयुष्य पुरणार नाही. जंतू तेच काम भराभर करून दाखवतात. तुम्ही फळ्यावर कविता लिहायचात, मुलं वहीत उतरवताना चुका करायची, आठवतं? जंतूही स्वतःची नक्कल काढताना चुकतो. बहुतेक चुका फुकट जातात. एखादीमुळे मात्र औषध त्याला लागू पडत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो आणि पुढे सगळी प्रजा त्याचीच. जो उरला तो बलवान नसतो, शहाणाही नसतो. नुसता उरलेला असतो. आम्ही ह्याला निवड म्हणतो, पण निवडणारं तिथे कुणीच नसतं.

म्हणून तर चार गोळ्या एकदम देतात. एकीतून निसटलेला दुसरीत सापडतो. चारही चुका एकाच्याच अंगी येणं महाकठीण.

आजोबा, तजवीज म्हणजे नक्की काय केलीत? तो शब्द मला टोचतो आहे. लगेच कळवा.

माया आहे तशीच असू द्या.
चिमणी

ता. २० मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

अगं, एवढी घाबरतेस काय! आक्काला दवाखान्याच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते, ओळखीचे भेटतात. आम्हा भावंडांत लहानपणापासून सगळं निम्मं-निम्मं. पाटी फुटली तर तुकडेसुद्धा वाटून घेतलेले. तेव्हा माझ्या चार गोळ्यांतली लाल आणि पिवळी मला, पांढऱ्या दोन्ही तिला. दोघांनाही छान उतार पडला होता.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती डाळ निवडत होती. सूप मांडीवर तसंच राहिलं. म्हणाली, दादा, आपण डाळ टाकली रे, खडे ठेवले.

माझा खोकला परतला आहे. हवा पालटली म्हणून असेल. दोघांच्या थुंकीचे नमुने तुझ्याकडे पाठवायला दवाखान्यात दिले आहेत. रांगेत आक्का माझा हात धरून उभी होती.

आजोबा

ता. २९ एप्रिल

ती. आजोबांस नमस्कार.

आडपडदा न ठेवता लिहिते. औषध घातलेल्या नळ्या कोऱ्या राहायला हव्यात. तुमच्या लाल आणि पिवळ्या गोळीच्या नळ्यांत जंतूंची वाढ झाली. पांढऱ्या गोळ्यांच्या कोऱ्या आहेत, म्हणून तुमच्यासाठी वाट आहे. लांबची, पण आहे.

आक्काआजीच्या चारही नळ्या भरल्या. जंतू दोन इयत्ता तुमच्या छातीत शिकला, मग तिच्याकडे गेला आणि उरलेल्या दोन तिथे पास झाला. तिच्यासाठी दुसरी औषधं मागवली आहेत. लागू पडतील असं वचन मी देत नाही.

आजपासून खोल्या वेगळ्या करा, खिडक्या उघड्या ठेवा. तिचा जंतू तुमच्याकडे आला तर तुमचीही वाट बंद होईल. आणि पाया पडते, आता काहीही वाटून घेऊ नका.

चिमणी

ता. १७ मे

चि. चिमणीस आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. आता मधे भिंत आहे. आक्काची नवी औषधं चालू आहेत. तिला अन्न नको वाटतं. सकाळी मी कडव्याचा पहिला अर्धा भाग म्हणतो, दुसरा ती पलीकडून पुरा करते. एवढं वाटून घेणं तुझ्या नियमात बसतं ना?

आज पहिला अर्धा म्हणून थांबलो. पलीकडून नुसता खोकला आला, मग तोही थांबला. दार उघडायची मनाई आहे, म्हणून भिंतीला कान लावून हे लिहितो आहे.

दुसरा अर्धा मला पाठ आहे, चिमणे. पण तो तिचा आहे.

आजोबा