आधी कड, मग पोट

३ जानेवारी

ठरलं! खारू त्या मोठ्या खासगी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार. नात हुशार आहे, प्रश्न तो नाही. शाळा दूर, माझ्या लेकीच्या घराजवळ. पास झाली तर आठवीपासून आत्याकडेच राहायचं. सूनबाई म्हणाली, "आबा, आत्तापासून तोंड पाडून बसू नका." मी कुठे पाडलंय? चष्मा शोधत होतो.

४ जानेवारी

चष्मा डोक्यावरच होता.

शाळेचं माहितीपत्रक वाचलं. मी शिकलो पाचवीपर्यंत, पुढे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षरं काढायला कितीही सांगा. लांब वाक्यं मात्र जड जातात. समजलं ते असं – आधी लेखी. गणित, भाषा आणि बुद्धीची कोडी. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली, बरोबर असेल त्याचा गोल पेनने काळा करायचा. तपासणार यंत्र. चुकलं तर मिळालेले गुणही कापतात! हा कुठला न्याय?

मग मुलाखत. तीही एकट्या पोरीची नाही, घरच्यांचीसुद्धा! परीक्षेला बसतंय कोण? मुलगा बोटीवर, सूनबाईची दवाखान्यात पाळी. म्हणजे मीच.

१२ जानेवारी

खारूने सरावाचा कागद दाखवला. गोल बघवेनात! कुठे रंग बाहेर, कुठे मधून पांढरं डोकावतंय. यंत्र बिचारं वाचणार कसं? मग पाटी रंगवतात तसं शिकवलं – आधी कड, मग पोट. कडेने सावकाश फिरायचं, मग आत भरायचं. लगेच जमलं. "आबा, छापल्यासारखं दिसतंय!" म्हणाली. या परीक्षेत माझाही काही उपयोग आहे म्हणायचा! आज पोळ्या जरा जास्तच गेल्या.

२५ जानेवारी

शिकवणीच्या बाईंनी घड्याळ लावून सराव परीक्षा घेतली. खारूचं शेवटचं पान कोरं! येत नव्हतं म्हणून नाही – गोल रंगवत बसली म्हणून!

बाईंनी मला बोलावून कागद दाखवला. "आजोबा, गोल इतके सुंदर आहेत की फ्रेम करून लावा. पण यंत्राला सौंदर्य कळत नाही हो. थोडं इकडेतिकडे गेलं तरी ते वाचतं. हे हिला शिकवलं कोणी?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

खारू म्हणाली, "मोबाईलवर पाहिलं, बाई."

माझ्यासाठी थाप मारली पोरीने! परत येताना रस्ताभर माझं बोट धरून चालली. आता एवढी मोठी झाली, एरवी धरत नाही.

२६ जानेवारी

जेवणार नव्हतो. सूनबाई म्हणाली, "तुम्ही उपाशी राहिल्याने तिचे गुण वाढणार आहेत का?" जेवलो.

६ फेब्रुवारी

आता उलटी शिकवणी. मी गजराचं घड्याळ घेऊन बसतो आणि ओरडतो – "फास! फासून पुढे हो! जाऊ दे बाहेर!" ज्या उस्तादांच्या हाताखाली मी ब्रश धरायला शिकलो, त्यांनी हे ऐकलं असतं तर डबा फेकून मारला असता.

खारू हसून हसून लोटपोट. "आबा, डोळे का मिटलेत?"

"विश्रांती देतोय."

"खोटं! तुम्हाला घाण बघवत नाही!"

२१ फेब्रुवारी

परीक्षा झाली. फाटकाबाहेर उभा होतो. आतली पोरं बरी, बाहेरच्यांचेच चेहरे उतरलेले. खारू धावत आली.

"सगळे सोडवलेस?"

"सगळे!"

"आणि गोल?"

"घाण केले, आबा. एकदम घाण!"

जीव भांड्यात पडला.

९ मार्च

लेखीत उतरली! आता मुलाखत. आईचा चष्मा नाकावर ठेवून खारू मुख्याध्यापिका होते आणि मला उभं करते.

"नात आत्याकडे राहील. तुम्हाला चालेल ना?"

"हो. आनंदाने."

"आनंदाने म्हणताना दाढ दुखल्यासारखं तोंड करू नका. पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हणालो. अंघोळ करतानाही म्हणतो. सूनबाई बाहेरून विचारते, "कोणाशी बोलताय?"

१८ मार्च

घात झाला.

इस्त्रीचा सदरा घालून गेलो. आधी खारूला आत घेतलं, मग मला. मुख्याध्यापिका गोड बाई. घरी कोण कोण, अभ्यास कुठे बसून करते, सगळं विचारलं. नीट उत्तरं दिली. मग म्हणाल्या, "नात तुमच्यापासून दूर राहील. चालेल ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही चालणार."

निघूनच गेलं तोंडातून! मी घाईघाईने म्हणालो, "पण बाई, माझ्या न चालण्याकडे बघू नका. तिला घ्या. ती फार शिकेल." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल?

बाहेर खारू वाट बघत होती. "आनंदाने म्हणालात ना?"

"हो, हो. अगदी आनंदाने."

एका थापेची फेड झाली.

२ एप्रिल

शाळेचा फोन नाही.

५ एप्रिल

फोन आला! विमा विकणारा होता. उगाच त्याच्यावर खेकसलो. मग वाईट वाटलं, त्याला त्याच्या मुलांबद्दल विचारलं.

७ जून

खारूची पत्र्याची पेटी रंगवून दिली. झाकणावर तिचं पूर्ण नाव, खाली 'इयत्ता आठवी'. "खारू लिहू नका हं आबा, तिकडे हसतील." म्हणून ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं, बारीक. आधी कड, मग पोट.

उद्या सकाळी निघायचं आहे. सूनबाई कपड्यांच्या घड्या घेऊन दोनदा विचारून गेली – "आबा, वाळला का रंग?"

नाही वाळला. वाळल्याशिवाय पेटी भरता येत नाही. मी जाड हात दिलाय.