एक किलोवॅटचा आवाज

२ नोव्हेंबर १९६४, शारजा
पोचलो एकदाचा! बोटीत सहा दिवस पोटात काही ठरलं नाही, त्याची भरपाई आज दोन वेळा जेवून केली. रेडिओ केंद्र गावाबाहेर वाळूत आहे. एक खोली, एक मनोरा आणि कपाटाएवढा ट्रान्समीटर, फक्त एक किलोवॅटचा. मुंबईला पन्नास किलोवॅटचं धूड सांभाळलेल्या माणसाला हा पोरखेळच. मिडियम वेव्हवर दिवसा साठ-सत्तर मैल गेला तरी नशीब म्हणायचं. वरिष्ठ मोहिद्दीनचाचा श्रीवर्धनचे, म्हणजे आपलेच. त्यांच्या हातचं कालवण झकास होतं.

५ नोव्हेंबर
दुपारी माईक तपासायचा होता. चाचा नुसतं एक-दोन-तीन म्हणतात. मी गमतीत घरी बायको-लेकीला हाक मारली, रुकय्या, बानूला घेऊन ये गं इकडे. चाचांचा चेहराच उतरला. म्हणाले, हबीबी, या माईकवर घरच्यांचं नाव घेत नाहीत. आधीच्या ऑपरेटरने घेतलं, तर त्याची बायको चोरून माणसं आणणाऱ्या लाँचने निघून आली, इथल्या पूर्व किनाऱ्यावर खोरफक्कानजवळ समुद्रात उतरली आणि खलास. मला हसू आलं. कोण कुणाची बायको, हे विजेला काय कळतंय!

२९ नोव्हेंबर
रुकय्याचं पत्र आलं. जयगडला आमच्या ट्रान्झिस्टरवर रोज दुपारी माझा आवाज येतो म्हणे. मी बानूची चौकशी करतो, ये म्हणतो. भर दुपारी, हजार मैलांवर, एका किलोवॅटवर? अशक्य. शिवाय त्या दिवसानंतर मी माईकवर अक्षर बोललेलो नाही. लगेच लिहिलं, तो मी नाही, येऊ नकोस.

१ डिसेंबर
चाचांशी भांडून पॉवर अडीचशे वॅटवर आणली. आता बघतोच कोण पोचतं जयगडला.

१८ डिसेंबर
पुन्हा पत्र. आवाज आता शेजारी बसून बोलल्यासारखा येतो म्हणे. तो तिला सांगतो, बोटीची वाट बघू नकोस, लाँच पकड. माझं पत्र दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय, असंही त्याने तिला पटवलंय. माझं पत्र!

१९ डिसेंबर
येऊ नका अशी तार केली. ट्रान्समीटर पूर्ण बंद केला आणि साधा रेडिओ लावून बसलो. दुपारी बारा वाजता — मीच. मध्येच खाकरण्याची माझी सवयसुद्धा. पॉवर कमी केली की तो मोठा होतो. गाढव मी. वाढवायला हवी होती.

२१ डिसेंबर
सासऱ्यांची तार. दोघी चार दिवसांपूर्वीच लाँचने निघाल्या. ट्रान्झिस्टर त्यांनी बरोबर घेतलाय. लाँचला पाच दिवस लागतात, म्हणजे उद्या — लाँचवाले किनाऱ्याला लागत नाहीत, माणसं पाण्यातच उतरवतात. चाचा म्हणाले, अल्लाची मर्जी. मी म्हटलं, ही अल्लाची मर्जी नाही, हा माझा आवाज चोरणारा भामटा आहे. त्याला माझी बायको-पोर मिळणार नाही.

२२ डिसेंबर, सकाळ
एक किलोवॅट. मग बाराशे वॅट. चाचा ओरडतायत, व्हॉल्व्ह जळतील. जळू देत! मी माईकवर आहे. रुकय्या, उतरू नकोस. रेडिओतला तो बारीक झाला. झालाच!

दुपार
तो म्हणतो, उतर, पाणी गुडघाभर आहे. मी म्हणतो, पुरुषभर आहे, किनारा लागेपर्यंत लाँच सोडू नकोस, बानूला घट्ट धर. तो म्हणतो, दुसरा बोलतोय तो खोटा — माझ्याच रागाने म्हणतो. चाचा आता व्हॉल्व्हला वारा घालतायत. जागचे हललेले नाहीत.

संध्याकाळ
घसा बसला. नुसती हवा येते. तो मात्र ताजातवाना — उतर, उतर —
आवाज गेला तर गेला. हात आहेत. माईकसमोर पत्रा बडवतोय, त्याचं बोलणं तिला ऐकूच जाऊ नये. ती घाबरली तरी चालेल, उतरली नाही म्हणजे झालं. एका हाताने लिहितो, एका हाताने बड—