दोरीवरची पँट आणि गल्लीची मिरची

भिवापूर, ता. ११ मार्च १९७४

चि. मुकुंद यास रुपरावचे अनेक आशीर्वाद. इकडे मिरची सोडून सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. तुझी सर्दी गेली असेलच.

तू नागपूरचा हवामान खात्यातला माणूस, रजा काढून बहिणीकडे आलास. तू ओट्यावर पाय ठेवताच भागीरथेने रेडिओ बंद केला. पावसापाण्याचं सांगणारा सख्खा भाऊ घरात असताना त्या खोक्याचं काय म्हणून ऐकायचं, असं तिचं म्हणणं. बरं, पाहुण्याला कामाचं विचारू नये, ही आपली रीत. म्हणून गल्लीने नुसती तुझ्यावर नजर ठेवली. छत्री आणली नव्हतीस, ही पहिली खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पँट धुऊन दोरीवर टाकलीस (बारापर्यंत वाळेल म्हणालास, पण काढायला विसरलास) आणि निकालच लागला. शेजारच्या देवरावने (हा माणूस स्वतःच्या बायकोचंही खरं मानत नाही) सगळी मिरची अंगणात पसरली. त्याचं पाहून आणखी पाच घरांनी पसरली. आमची तर होतीच.

तू चार पोळ्या (पाचवी अर्धीच म्हणालास, पण पुरी खाल्लीस) जेवून झोपलास. तीन वाजता विजा, वारा, गारा आणि धो धो पाऊस. आम्ही घमेली घेऊन धावलो, तोवर मिरच्या नालीला लागल्या होत्या. तुझी पँट देवरावच्या छपरावर, कवेलूंत अडकलेली सापडली. मग कळलं, रेडिओवर आदल्या संध्याकाळपासून वादळी पावसाचा इशारा देत होते, आणि तो तूच लिहून आला होतास.

तेव्हापासून भागीरथा रडते. मिरचीसाठी नाही. देवरावची सिंधूताई विहिरीवर सर्वांदेखत तिला म्हणाली, "तुह्या भावाच्या भरवशावर आमची मिरची गेली वं." आता ती भर उन्हात एकटीच पाण्याला जाते. मला ते बघवत नाही. तरी तू येऊन बायांसमोर चूक कबूल करावीस.

तुझा भाऊजी,
रुपराव

ता.क. आल्या दिवशी मोटार स्टँडवरच तू मला म्हणाला होतास, "भाऊजी, उद्या मोठं पानी हाय, मिरची उचलून घ्या." सकाळी पुन्हा विचारलंस, तेव्हा माणसं सांगून ठेवली आहेत, अशी थाप मीच मारली. एवढी मिरची उचलायची या विचारानेच मी थकलो होतो. हे तुझ्या बहिणीला सांगू नकोस. तुझ्यावर ती चार दिवस रागावेल, मला जन्मभर तिच्या हातचं जेवायचं आहे.

मुकुंदा, पाकीट चिकटवायले ह्यांनी माह्याजवळच देलं. मी सारं वाचलं. तू काहून चूक कबूल करतं गा? तू ये, पोटभर जेव. बायांले काय सांगायचं ते उद्या सकाळी तुहे भाऊजीच सांगतीन, विहिरीवर, माह्यी घागर डोक्यावर घेऊन.
तुही बहीण भागीरथा