गाडी जुनी आहे म्हणून सांगितलं

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आली. माझ्या डॉक्टर लेकीनं, मंजूनं, किल्ली माझ्या हातात ठेवली. किल्ली कसली, पत्त्याच्या पानाएवढं कार्ड! "अप्पा, आधी तुम्ही बसा." बसलो. मग तिनं बोनेट उघडून दाखवलं. आत इंजिनच नाही. सामान ठेवायला रिकामी पेटी. खाली नुसती बॅटरी आणि मोटार.

चाळीस वर्षं लातूरच्या डाळमिलच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरली. चौथीत शाळा सुटली, वाइंडिंग बघून बघून शिकलो, वाचायलाही मोटारींच्या पाट्यांवरच शिकलो. आणि आता मोटारीवर पळणारी गाडी माझ्या दारात उभी! मंजूची आई, गुरम्मा, असती तर सगळ्या गल्लीला हाका मारल्या असत्या तिनं.

समोरच्या सिद्धम्मानं विचारलं, पेढे कधी? मी म्हणालो, "जुनीच हाय अव्वा. सेकंड. हैदराबादच्या एका डॉक्टरनं विकायला काढली, मंजूनं घेतली."

कसं काय तोंडातून निघालं देव जाणे. आमच्या गल्लीत नव्या गाडीचे पेढे असतात, सेकंडचे नसतात. विषय तिथंच मिटला. लोकांची नजर नको लागायला — एवढंच.

४ नोव्हेंबर

चार्जर बसवायला कंपनीचा माणूस आला. अर्थिंगला तयार रॉड घेऊन आला होता. मी म्हटलं तुझा टाक, पण शेजारी माझा मीठ-कोळशाचा खड्डा राहू दे. तो हसला. मंजू म्हणाली, दोन्ही राहू द्या. खड्डा मीच खणला. कंबर धरली. पण आज बरं वाटलं.

६ नोव्हेंबर

हणमंतरावाच्या दुकानापुढं बसलो होतो. डाळ घ्यायला येणारा प्रत्येक जण गाडीवरच बोलतो. कुणी म्हणे साठ लाखाची, कुणी म्हणे ऐंशी. एक जण म्हणाला, बाळंतपणं हल्ली सिझरशिवाय होत न्हाईत ती उगं का! बाकीचे हसले. मीही हसलो. — का हसलो? माझी लेक बाळंतपणाला मध्यरात्री उठून जाते, नॉर्मल व्हावं म्हणून चार-चार तास थांबते. मला ठाऊक आहे. तिथं बोललो नाही. एवढंच म्हणालो की गाडी सेकंड आहे.

हणमंतराव म्हणाला, "सेकंड का? बरं हाय मग." आणि तराजूकडं बघत राहिला.

९ नोव्हेंबर, रविवार

नांदेडला लग्नाला जाऊन आलो. जाताना लोह्याच्या अलीकडं चहाला थांबलो तर गाडीभोवती दहा-बारा माणसं. किती पळती? पावसात करंट लागत न्हाई का? बंद पडल्यावर बैल जुंपायचे का? सगळे मजेत. मंजूही मजेत सांगत होती. तेवढ्यात धोतरातला एक जण, माझ्याच वयाचा, शांतपणे म्हणाला, "आमच्या पंपाला आठ घंटे लाइट, तीबी रातची. अन् हिला घरी चोवीस तास."

मंजू म्हणाली, "खरंय काका." चहाचा कप तसाच ठेवला तिनं.

नांदेडात कार्यालयाच्या एक चौक आधी म्हणालो, मला इथंच उतरव. पायी येतो, पाय आखडलेत. मंजूनं आरशातून बघितलं. उतरवलं. कार्यालयात बसवराज भेटला — गुरम्माचा भाऊ. "दाजी, भाचीनं विमान घेतलं म्हणं!" त्यालाही तेच सांगितलं. सेकंड. हैदराबादचा डॉक्टर. आता तर डॉक्टरचं नावही तयार झालंय माझ्या डोक्यात.

परतताना मंजूनं विचारलं, "अप्पा, पाय आखडलेत तर चालत का आला?"

१० नोव्हेंबर

झोप नाही. चहा दोनदा उतू गेला.

१४ नोव्हेंबर

सिद्धेश्वराला गेलो. मंजू सोडते म्हणाली. नको म्हणालो, रिक्षानं गेलो. देवळात एक बाई दुसरीला सांगत होती, ते बघ, गाडीवाल्या डॉक्टरणीचे वडील. चाळीस वर्षं मी या गावात मोटारवाला अप्पा होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मंजूच्या दवाखान्यात सरकारी तपासणी आली. तिघं जण. सोनोग्राफीची खोली, रजिस्टर, एकेका बाईचा फॉर्म — दुपारी बारापासून सहापर्यंत. बाहेर पेशंट बसलेले, सगळ्यांदेखत. निनावी अर्ज गेला होता. डॉक्टरीण पोटातलं मूल मुलगा का मुलगी ते सांगते, त्याशिवाय एवढी गाडी येते कुठून!

माझ्या मंजूवर! मुलगी झाली म्हणून रडणाऱ्या बाईजवळ जी ड्युटी संपल्यावरही बसून राहते, तिच्यावर!

काही सापडलं नाही. सापडणार काय. तरी चौकशी चालूच राहील म्हणाले. सोनोग्राफीच्या मशीनला पंधरा दिवस सील.

मंजू घरी आली. जेवली नाही. एवढंच म्हणाली, "अर्जातली एक ओळ तपासणीतल्या बाईंनी वाचून दाखवली. 'तिचे वडीलसुद्धा गाडी जुनी असल्याचे खोटे सांगतात, यावरून समजून घ्यावे.' अप्पा, तुम्ही असं सांगताय?"

मी खाली बघितलं.

"माझ्या कमाईची पहिली मोठी वस्तू. तिला तुम्ही दुसऱ्याची वापरलेली केलीत?"

दार लावून घेतलं तिनं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर

अर्ज कुणी केला? दिवसभर गंजगोलाईच्या बाजारात फिरलो. प्रत्येक तोंडाकडं बघत होतो. हणमंतरावाला सरळ विचारलं. तो म्हणाला, अप्पा, चाळीस वर्षांचं बसणं-उठणं हाय, म्हणून काही बोलत न्हाई. जा घरी. सिद्धम्माला विचारलं, ती तर रडायलाच लागली. मंजूच्याच हातून तिच्या सुनेचं बाळंतपण झालंय. मी काय करून राहिलोय!

२१ नोव्हेंबर

ज्ञानोबाकडं गेलो. एस.टी. डेपोत होता तो, माझ्याच वयाचा. डेपोचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला जायचो तेव्हापासूनची ओळख. माझ्याशी कधी गोड बोलत नाही, म्हणून गेलो.

तो म्हणाला, मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की गाडी कधी घेतली, कितवा मालक, सगळं निघतं. तुमच्या गल्लीत सगळ्यांनी पहिल्याच दिवशी पाह्यलं. पहिला मालक. या महिन्याची गाडी.

मोटारीच्या वासावरून वाइंडिंग जळालंय का बेअरिंग गेलंय ते सांगणारा मी — हे ठाऊक नव्हतं!

"मग मला बोलला का न्हाईस?"

"लेक तुझी, गाडी तुझी. तू जुनी म्हणतोस तर जुनी." मग म्हणाला, "गुरुबसप्पा, महागाची गाडी लोकांना खुपती. खोटं कशाला बोलू, मलाबी खुपली. पण चार दिवसांत जिरती ती गोष्ट. बापच लपवून राहिला म्हणल्यावर कशी जिरावी? लोकांनी म्हणलं, घरच्यालाच माहीत असंल काहीतरी."

अर्ज कुणी केला ते त्यालाही माहीत नाही. मला आता जाणून घ्यायचं नाही.

येताना हणमंतरावाच्या दुकानापुढं उभं राहून सांगितलं. गाडी नवी आहे, माझ्या लेकीची आहे, मी खोटं बोललो. गिऱ्हाइकं बघत राहिली. हणमंतरावानं स्टूल पुढं सरकवलं. पाणी दिलं. सिद्धम्माच्या दारातही सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मंजूला सगळं सांगितलं. दुकानापुढं काय बोललो तेही. ती माझ्यासाठी भाकरी करत होती. थापता थापता ऐकत होती. म्हणाली, सील निघेल अप्पा, कागद चोख आहेत माझे. लोकांचंही काही नाही, लोक बोलणारच.

मग तवा उतरवला आणि माझ्यासमोर बसली.

"एकच सांगा. लोकांचं सोडा. तुम्हाला कधी शंका आली होती?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं माझा हात हातात घेतला. हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

२३ नोव्हेंबर

शंका आली होती. गाडी दारात उभी राहिली तेव्हाच. आला कुठून एवढा पैसा — गावाच्या आधी माझ्याच मनात आलं ते. नजरेचं निमित्त नंतर सुचलं.

ती दवाखान्यातून आली की सांगतो. तिच्या गाडीचा आवाज येत नाही, म्हणून दारातच बसलो आहे.