ओल्या पायांचं दार

८ जानेवारी, बुधवार

वर्गाच्या प्रोजेक्टला घर मिळालं! सारसोळे गावठाणातलं, खरं, राहतं घर. घोषणा मनस्वी मॅडमची — हजेरीनंतर, स्वतःच टाळ्या वाजवून. मालक केतन जुनं घर पाडून तीन मजली बांधणार आहे. वर्गातला जो आराखडा त्याला आवडेल, तोच उभा राहणार. फुकटात नकाशा मिळतोय, कोण सोडेल? मॅडम याला ‘इंडस्ट्री एक्स्पोजर’ म्हणतात.

सगळी नोकरी वृत्तपत्राच्या टेबलावर, दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात गेली. आता पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठात इंटिरिअर आणि गृहरचना शिकायला बसले, तर कात्री हातातून सुटत नाही. ‘स्पेसला श्वास घेऊ द्या.’ मॅडमकडून आज पुन्हा ऐकलं. मनातल्या मनात कापलं.

११ जानेवारी, शनिवार

मोजमापाला सारसोळ्यात. वर्गाचा हिरो मितेश पांढरेशुभ्र बूट घालून आला. गल्लीच्या तोंडाशीच नाक दाबलं. मासेमारांच्या गावात येऊन वासाचं आश्चर्य!

दारापुढच्या वट्यावर केतनची आई, मालतीबाई, कोळंबी सोलत बसल्या होत्या. सत्तरी पार, गुडघे गेलेले, तरी रोज बाजारात मासळी विकतात. मितेश त्यांना म्हणाला, “आंटी, थोडं साइडला होता का? फोटोत येताय.”

“येतंय तं नीट काढ ना. लगीन जमवतोस का माजं?”

आम्ही सगळे हसलो. मितेशला पत्ताच नाही.

केतन मागे उभा. दोन फोन, गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा — घरात! मॅडमनी दिलेला नमुना नकाशा उलटा धरून मान डोलावत होता. हा निवड करणार आमच्या कामाची.

१४ जानेवारी, मंगळवार

एकटीच परत गेले. माणूस घरात वागतो कसा ते बघितल्याशिवाय काय डोंबल घर काढणार?

मालतीबाई बाजारातून आल्या. समोर स्वतःचं दार उघडं. आत गेल्या नाहीत. रिकामी पाटी घेऊन, भिंतीला हात लावत, लंगडत गल्लीतून वळसा घालून मागच्या मोरीत. पाय धुतले, पाटी धुतली, मग आत. थकल्या होत्या, तरी वळसा चुकवला नाही.

“मासलीचं पानी घरान न्यायचं नाय. देव हाय ना आत.”

नव्या घरात तुमची खोली कुठे, विचारलं.

“केतन बोलतो वर देतो, हवेशीर. मी जिना चढू कशी गो बाय? एकदा वर गेली का खाली उतरायची नाय मी. वर बसून पारवं मोजू?” मग हळूच, “मना खालीच ठेव. येवढंच तुज्या कागदान बसव.”

२० जानेवारी, सोमवार

आराखड्यांची पहिली पाहणी. बाकी झाडून सगळ्यांनी आजीची खोली तिसऱ्या मजल्यावर काढलीय, खाडी दिसते म्हणून. मितेशने त्याला नाव दिलंय ‘सीनियर डेक’. खाली पार्किंग आणि लॉबी. लॉबीत दिवे सोडलेलं जुनं जाळं — ‘कोळी थीम’. म्हणजे कोळीण वर डांबायची आणि तिचं जाळं खाली टांगायचं.

“लिफ्ट?” मी विचारलं.

“आंटी, बजेट नाही. जिना इज गुड कार्डिओ.”

मॅडमनी ते लिहून घेतलं!

२४ जानेवारी, शुक्रवार

माझा आराखडा दिला. तळमजल्यावर वट्यालगतची खोली मालतीबाईंची. तिला गल्लीच्या अंगाने स्वतंत्र दार. दारातून थेट मोरी आणि संडास, तिथून खोली. ओल्या पायांचं दार. वळसा नाही, जिना नाही, देवघरावरून जायला नको. आल्या-गेल्याची कोणाला वर्दी द्यायला नको.

मॅडम म्हणाल्या, “छान आहे रंजिताताई, पण जरा डल वाटतं.”

डल! मितेशचं मॉडेल पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर कापून आलंय. त्यात बोटाएवढी माणसं आहेत. सगळी तरुण, सगळ्यांच्या हातात कॉफी.

२७ जानेवारी, सोमवार

मालतीबाईंना कागद दाखवला. त्यांनी बोट दारातून मोरीत नेलं, मोरीतून खोलीत. “या दाराची चावी मानजे माज्याकडंच ना?” हो, म्हटलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

निवडीचा दिवस. मितेशच्या मॉडेलमधले दिवे लागले. केतन बघून म्हणाला, “एकदम हॉटेल वाटतं.” मितेशला ती स्तुती वाटली.

माझ्या कागदापाशी केतन बराच वेळ थांबला. या वेळी सुलटा धरला होता. दारावर बोट ठेवलं, मोरीवर ठेवलं, काळा चष्मा काढला. “हाच बांधायचा. काय बदलू नका.”

मॅडमचं तोंड बघण्यासारखं! मितेशकडे मी मुद्दाम बघितलं. हसू लपवलं नाही. का लपवू?

बाहेर येऊन लगेच मालतीबाईंना फोन. “मावशी, तुमचीच खोली!” “देव तुजं भलं करो गो. रविवारी येतंय तुज्याकडं. मोठी कोलंबी आनतंय.”

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी केतनचा फोन, आभाराचा.

“मॅडम, बाकीच्यांनी कॉलेज केला. तुमी धंदा समजलात. खालची रूम — सेपरेट एन्ट्री, अटॅच बाथरूम, घरातून येना-जाना नाय. भाड्याला याच्यापेक्षा भारी काय पायजे? ब्रोकर बोलला, नोकरीवाली पोरं आत्ताच बुक करतो.”

“आणि आई?”

“आईला वर. हवेशीर हाय.”

सोमवारपासून पाडकाम, आधी वटा. उद्या दुपारी मालतीबाई कोळंबी घेऊन येणार. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.