बाहेरचं नाक

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कमरेपर्यंतच येतो, उरलेला मनाने घातला आहे असं समजावं.) तुमची पाठ आता कशी आहे? दादा पूर्वीसारखाच घोरत असेल तर त्याची तब्येत चांगली आहे असं मी धरून चालतो. माझी उत्तम आहे. घराची मात्र जरा बिघडली होती, आणि आमच्या चिरंजिवांकडून ती बातमी तिखटमीठ लावून तुमच्याकडे येण्याआधी मीच कळवतो.

त्याचं असं झालं, की बटाट्याचे काप तळावेत म्हणून मी तेल तापत ठेवलं आणि दाराची घंटा वाजली. पार्सलवाला होता. पार्सल वरच्या मजल्यावरच्यांचं. तेवढं सांगून दार लावायचं, तर मी त्याला वरच्यांचा स्वभाव, त्यांच्या आधी तिथे राहणाऱ्यांचा स्वभाव, जिन्याची कुठली पायरी निसरडी आहे, असं सगळं ऐकवत उभा राहिलो. (दिवसभर कुणाशी बोलणं झालेलं नसलं की दारात आलेलं माणूस सोडवत नाही.) तोही बिचारा मान डोलावत होता. शेवटी त्यानेच भीत भीत सांगितलं, "काका, तुमच्या मागून धूर येतोय." कढईने पेट घेतला होता. मी बादलीकडे धावलो, तर त्याने मला चक्क बाजूला ढकललं, गॅस बंद केला, कढईवर परात पालथी घातली आणि पेटलेला पडदा ओढून मोरीत टाकला. मी त्याला चहाचं विचारेपर्यंत तो जिना उतरून गेलासुद्धा. आता तो आमच्या इमारतीत पार्सलं खालच्या पायरीवरच ठेवून पळतो.

जळलं फारसं काही नाही, एक पडदा आणि वरचं फडताळ. पण काजळी! वहिनी, बंद ट्रंकेतल्या पांढऱ्या सदऱ्यापर्यंत ती कशी पोचली हे मला अजून उमगलेलं नाही. मी कंबर कसली आणि ओलं फडकं घेऊन भिंत पुसायला लागलो. पुसण्याआधी भिंत करडी होती, पुसल्यावर काळीकुट्ट झाली. (काजळी आधी कोरडीच झाडायची असते, हे मला अर्धी भिंत रंगवून झाल्यावर कळलं.) मग धूर जावा म्हणून पंखा लावला, तर पात्यांवरची सगळी काजळी नुकत्याच धुतलेल्या चादरीवर. शेवटी हात टेकले आणि सफाईवाल्याला बोलावलं.

हा गृहस्थ जळालेल्या घरांचीच कामं करतो. कोरड्या स्पंजाने त्याने भिंती झाडल्या, मग साबणाच्या पाण्याने पुसल्या, गाद्या उन्हात टाकल्या, खोल्याखोल्यांतून खायच्या सोड्याच्या आणि व्हिनेगरच्या वाट्या मांडल्या. तो भांडी सरकवत होता, रेडिओ लावत होता, माझ्याच कपातून माझाच चहा पीत होता. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. पण त्याची एक गोम आहे. वर्षानुवर्षं धुरात काम करून त्याला स्वतःला कसलाच वास येत नाही. तो काम करून मला विचारणार, "काका, गेला का वास?" मी म्हणणार, अजून येतोय. मग तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार. असे बरेच दिवस मजेत गेले. मग त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि सांगितलं, की घरात राहून तुमचंही नाक बसलंय, तुमचा भरवसा नाही, आता बाहेरचं नाक आणा. आणि रेडिओ बंद करून गेला.

बाहेरचं नाक म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंना विनंती केली. त्यांनी उंबऱ्यावरूनच हुंगल्यासारखं केलं, छान आहे म्हणाल्या आणि निघाल्या. पण छान म्हणजे काय? या घराला आधी कसला वास होता, ते त्यांना कुठे ठाऊक आहे? आणि खरं सांगू का वहिनी, ते मलाही ठाऊक नाही. ज्या घरात आपण राहतो त्याचा वास आपल्याला येतच नाही. तुम्ही मात्र आलात की दारातच थांबून म्हणायचात, हा तुझ्या घराचा वास गं, डोळे बांधून आणलं तरी ओळखीन. हे तुम्ही तिला म्हणायचात. मी तेव्हा पेपर वाचत असायचो. ती गेल्यापासून तुम्ही या दारात आलेला नाहीत. तुम्हाला ते जमत नाही, हे मला समजतं. मलाही रोज जमतंच असं नाही, पण मला दुसरीकडे घर नाही.

असो. दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा दीर

ता. क. तर मुद्दा असा, की एक दिवस येऊन वास घेऊन जावं. दादाला आणू नये, त्याला नाक फक्त घोरण्यासाठी दिलेलं आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी चिरंजीव येऊन गेले. टॅक्सी खाली थांबवून ठेवली होती. त्यांनी सगळ्या खोल्या हुंगल्या, कपाटात डोकं घालून पाहिलं, आणि सांगितलं की कसलाच वास नाही. धुराचाही नाही आणि दुसराही नाही. म्हटलं, हे पत्र फाडून नवं लिहावं. पण मग तुम्हाला बोलवायला कारण काय लिहिणार? तरी या. दादालाही आणा. घोरला तरी चालेल.