आत्याबाईंची आणखी एक फेरी

कुंभार पिंपळगाव
माघ, १९३६

राधाकिसनच्या बापाला,

तुमच्या आईला, आत्याबाईंना, मी पैठणला नेऊन आणलं. दिवाळीला तुम्ही जालन्याहून आल्ता, तवा बिलकुल नको म्हणाल्ता. "जिला दिसत न्हाई, तिला घाट कशाला दाखवायचे?" तरी नेलं. माझ्या भावाच्या बैलगाडीत बसलो आणि तिसऱ्या दिवशी पोचलो.

तिथं गोदावरीतून सगळे घाट दाखवणारी सवारीची नाव असते. तीत बसलो. आत्याबाईंचा हात धरून मी दिसंल ते सांगत गेले. काळ्या पायऱ्या, त्यांवर वाळत घातलेली पिवळी लुगडी, नाथांच्या देवळाचा कळस. शेजारचा एक माणूस हसला, "म्हातारीला काय कळून राह्यलंय?"

आत्याबाई म्हणाल्या, "माझी सून बघून राह्यली, मी ऐकून राह्यले. तुला दोन डोळे हायेत, तू गप बघ."

सगळी नाव हसली. मंग त्या हळूच मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यानं पुढच्या साली नेतो म्हणत उमर घालवली. लेकानं बी तेच केलं."

नाव काठाला लागली, लोक उतरले. आत्याबाई उठंनात. "आणखी एक फेरी," म्हणाल्या. मी नावाड्याला सांगितलं, "चला."

हे पत्र टपालात टाकणार न्हाई. टाकलं तर माफी मागितल्यासारखं वाटंल. तुम्ही घरी आलात की तोंडावर सांगीन, आणि चैत्रात त्यांना नांदेडचे घाट दाखवायला नेणार हाय, हे बी सांगीन.

स्वतःच्या हातानं लिहिणारी,
आसरा